सुपर बोल जिंकलेला खेळाडू नोव्हेंबरात घरी का बसलेला असतो?

२० नोव्हेंबर २०२३ रोजी क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाने जो फ्लॅको नावाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, आपल्या सराव पथकात, म्हणजे मुख्य संघाबाहेरच्या फळीत घेतलं. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा हंगाम तोवर निम्म्याहून जास्त सरला होता. फ्लॅकोचं वय होतं ३८. दहा वर्षांपूर्वी याच माणसाने बाल्टिमोर रेव्हन्सला सुपर बोल जिंकून दिला होता आणि अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला होता. पण या हंगामात अडीच महिने लोटले तरी ३२ पैकी एकाही संघाने त्याच्याशी करार केला नव्हता.

ब्राउन्सवर ही वेळ आली ती वेगळ्याच कारणाने. त्यांनी २०२२ मध्ये देशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकला पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलर देऊ केले होते आणि त्यातला एकूण एक डॉलर हमीचा होता. वॉटसन खांद्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला. मग फ्लॅको आला, साखळीतले पाच सामने खेळला, त्यातले चार जिंकले आणि ब्राउन्स प्लेऑफमध्ये पोचले. प्रत्येक विजयामागे त्याला ७५ हजार डॉलरचा बोनस होता. प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने ब्राउन्सला ४५-१४ असं धुतलं ही गोष्ट खरी, पण वर्षातल्या सर्वोत्तम पुनरागमनाचा पुरस्कार फ्लॅकोनेच नेला.

असा खेळाडू इतक्या स्वस्तात आणि इतक्या उशिरा मिळतो कसा? वय झालं म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं लीगच्या नियमपुस्तकात आणि कॅलेंडरात सापडतं. खेळाडू तोच, त्याचे गुडघेही तेच, पण मार्चमध्ये त्याची किंमत एक असते, मेमध्ये दुसरी आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिसरीच.

सुरुवात सॅलरी कॅपपासून करू. एका हंगामात खेळाडूंवर किती खर्च करता येईल याची ही कमाल मर्यादा. १९९४ मध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाखांवर गेली. आकडा अवाढव्य वाटतो, पण हंगामात मुख्य संघात ५३ जण असतात आणि वाटणी अजिबात सारखी नसते. डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटचा २०२४ मधला करार वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलरचा आहे. असा एक क्वार्टरबॅक, दोन-तीन महागडे बचावपटू आणि एखादा मोठा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, धरला की अर्धी तिजोरी रिकामी होते. उरलेल्या पैशात चाळीस-पंचेचाळीस माणसं बसवायची असतात.

ती बसवण्याचा सोपा मार्ग म्हणजे कॉलेजातून ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने केलेल्या निवडीतून, आलेली पोरं. २०११ च्या कामगार करारानंतर नवख्यांचे पगार एका ठरावीक तक्त्यात बांधले गेले. त्याच्या आदल्या वर्षी ड्राफ्टमधला पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याला ५ कोटी डॉलर हमीचे मिळाले होते. २०११ मध्ये पहिला निवडला गेलेला कॅम न्यूटन सुमारे २ कोटी २० लाखांवर आला. एका वर्षात निम्म्याहून खाली! या बदलाची मागणी करताना अनुभवी खेळाडूंच्या वाट्याला जास्त पैसे येतील असं बोललं जात होतं. ते आले, पण बरेचसे वरच्या मोजक्या ताऱ्यांकडे गेले. माझ्या मते या तक्त्याने खरी कोंडी केली ती मधल्या फळीची. वयाच्या तिशीत असलेला, चांगला पण असामान्य नाही असा खेळाडू एकाएकी तेवीस वर्षांच्या पोरापेक्षा महाग वाटायला लागला.

हा मधला माणूस बाजारात येतो तो फ्री एजंट म्हणून. चार हंगाम पदरी असलेला खेळाडू करार संपला की कुठल्याही संघाकडे जायला मोकळा असतो. हे स्वातंत्र्य खेळाडूंनी कोर्टात लढून मिळवलं आणि १९९३ पासून ते प्रत्यक्षात आलं. त्याच वर्षी रेजी व्हाइट हा जबरदस्त बचावपटू चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलर घेऊन ग्रीन बे पॅकर्सकडे गेला आणि फ्री एजंट या शब्दाला वजन आलं.

आता एक गंमत पाहा. एनएफएलमध्ये किमान पगार अनुभवानुसार वाढत जातो. २०२५ च्या तक्त्यात अगदी नवख्याला ८ लाख ४० हजार डॉलर, दोन हंगाम खेळलेल्याला १० लाख ३० हजार आणि सात किंवा अधिक हंगाम खेळलेल्याला १२ लाख ५५ हजार. ज्येष्ठतेचा मान म्हणून हे ठीक वाटतं, पण व्यवहारात ते ज्येष्ठाच्याच मुळावर येतं. दोघांचा खेळ साधारण सारखा असेल तर व्यवस्थापक स्वस्त पोराला ठेवणार आणि जुन्याला नारळ देणार, हे उघड आहे.

ते टाळण्यासाठी कामगार करारात एक सवलत ठेवली आहे. चार किंवा अधिक हंगामांचा अनुभव असलेल्या खेळाडूशी एका वर्षाचा किमान पगाराचा करार केला, तर त्याला पगार पूर्ण मिळतो, पण कॅपच्या हिशेबात तो दोन हंगामांच्या खेळाडूइतकाच धरला जातो. म्हणजे खात्यात १२ लाख ५५ हजार, कॅपवर १० लाख ३० हजार. वर थोडासा बोनस देता येतो, पण त्यालाही मर्यादा आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनचा नवखा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, सराव सामन्यात गुडघा दुखावून बसला, तेव्हा त्यांनी ३३ वर्षांच्या एड्रियन पीटरसनला याच पद्धतीने घेतलं. पगार १० लाख १५ हजार, कॅपवर मात्र फक्त ६ लाख ३० हजार. रनिंग बॅक तिशी ओलांडला की संपला असं धरून चालणाऱ्या या लीगमध्ये पीटरसनने त्या हंगामात १०४२ यार्ड धावून काढले.

याला आणखी एक नियम येऊन मिळतो. हंगाम सुरू होण्याआधी संघात ९० पर्यंत खेळाडू असतात, पण कॅपच्या हिशेबात त्यातले सर्वांत महाग ५१ च धरतात. समजा जूनमध्ये तुम्ही आठ हंगाम खेळलेला एक सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे राहणारा बचावपटू, किमान पगारावर घेतलात. कॅपवर त्याचे आले १० लाख ३० हजार. पण तो यादीत घुसताच आधीचा ५१ वा खेळाडू यादीबाहेर ढकलला जातो आणि त्याचे, समजा, ९ लाख ६० हजार हिशेबातून उडतात. बोनस सोडला तर निव्वळ वाढ झाली ७० हजार डॉलर. २७ कोटींच्या हिशेबात ही रक्कम म्हणजे चिल्लर. म्हणून एखाद्या संघाची कॅप पार संपली आहे अशी बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच संघाने तिघा जुन्या खेळाडूंना घेतलं, तर त्यात काळंबेरं काही नसतं.

मात्र ही सगळी खरेदी एका दिवशी होत नाही. मार्चच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी चार वाजता लीगचं नवं वर्ष सुरू होतं, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळे मोठे आकडे उधळले जातात. त्या गर्दीत स्वस्त काही मिळत नाही. शहाणे संघ तेव्हा हात आखडता घेतात. याचं एक कारण भरपाईचे ड्राफ्ट हक्क. तुमचे खेळाडू करार संपून दुसरीकडे गेले आणि तुम्ही तितक्या तोलाचे बाहेरून घेतले नाहीत, तर लीग पुढच्या वर्षी तुम्हाला तिसऱ्या ते सातव्या फेरीत जादा निवडी देते. बाहेरून एक घेतलात की एक निवड जाऊ शकते. या हिशेबाला दोन पळवाटा आहेत. जुन्या संघाने करार संपण्याआधीच काढून टाकलेला खेळाडू यात मोजला जात नाही. आणि एप्रिलच्या अखेरीस होणारा ड्राफ्ट उरकला की त्यानंतरच्या सोमवारनंतर केलेले करारही मोजले जात नाहीत. बाल्टिमोर रेव्हन्स या खेळात पटाईत. भरपाईच्या निवडी आजवर सर्वांत जास्त त्यांनीच मिळवल्या आहेत.

म्हणून मे महिन्यात दुसरी लाट येते. तोवर ड्राफ्टमध्ये कोण मिळालं, कोण निसटलं हे कळलेलं असतं. ज्या संघाला डावा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारा खेळाडू, मिळाला नाही तो बत्तीस वर्षांच्या टॅकलच्या एजंटला फोन लावतो. एजंटने मार्चमध्ये मागितलेला आकडा एव्हाना निम्म्यावर आलेला असतो, कारण त्या जागेवरच्या खुर्च्या भरत चालल्या आहेत हे त्यालाही दिसतं.

तिसरी वेळ ऑगस्टची. सराव शिबिरात कुणाचा तरी घोटा वळतो, कुणाचा अस्थिबंध तुटतो. ज्येष्ठ खेळाडूंनाही ही वेळ सोयीची असते, कारण जुलैतल्या उन्हात दिवसाला दोन-अडीच तास अंग मोडून घेण्यापेक्षा थेट हंगामाच्या तोंडावर यायला त्यांची हरकत नसते. कुणी ते उघड बोलत नाही इतकंच.

ऑगस्टच्या अखेरीस ९० वरून ५३ वर यावं लागतं, तेव्हा एक मजेदार प्रकार चालतो. तरुण खेळाडूला काढलं की इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगता येतो. चार हंगाम पूर्ण केलेल्याला मात्र या दिवसांत काढलं की तो थेट मोकळा होतो, त्याच्यावर कुणाला परस्पर हक्क सांगता येत नाही. मग संघ आपल्या विश्वासू ज्येष्ठाला आज कागदोपत्री काढतो, त्याची जागा वापरून एखाद्या होतकरू पोराला वाचवतो, दुसऱ्या दिवशी कुणा जायबंदीला राखीव यादीत टाकतो आणि ज्येष्ठाला पुन्हा बोलावतो. सगळा कारभार तोंडी शब्दावर. नवख्या चाहत्याला ती बातमी वाचून धक्का बसतो. खेळाडू तोवर घरी जेवून आलेला असतो.

आणि मग हंगामाचा पहिला आठवडा. चार हंगाम झालेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या वेळी ५३ जणांत असेल, तर पुढे मध्येच काढला तरी त्या हंगामाच्या मूळ पगारावर तो हक्क सांगू शकतो. पहिला सामना झाल्यानंतर घेतलेल्याला ते पूर्ण संरक्षण मिळत नाही. साहजिकच काही जणांची सही पहिल्या सोमवारनंतर होते. संघाचं यात साधतं, पण मला हा नियमाचा सर्वांत कोरडा भाग वाटतो. खेळाडूचं रक्षण करायला घातलेल्या कलमामुळेच त्याचा एक आठवडा आणि हमी दोन्ही जातात.

शेवटचा दरवाजा सराव पथकाचा. इथे १६ जण असतात आणि त्यातल्या सहा जागा कितीही अनुभवी खेळाडूंना देता येतात. फ्लॅको आला त्या वर्षी ज्येष्ठांना आठवड्याला साधारण १६ ते २० हजार डॉलर मिळत. सराव पथकातल्या खेळाडूला तीन सामन्यांपुरतं मुख्य संघात उचलता येतं. त्यानंतर तो हवाच असेल तर ५३ मध्ये जागा करावी लागते.

आयपीएल बघणाऱ्यांना हा सगळा प्रकार अनोळखी वाटायला नको. २०२३ च्या हंगामासाठी चेन्नईने अजिंक्य रहाणेला ५० लाखांच्या मूळ किमतीला उचललं तेव्हा कुणाच्या भुवयाही उंचावल्या नव्हत्या. त्याने वानखेडेवर मुंबईविरुद्ध २७ चेंडूंत ६१ धावा काढल्या आणि हंगामभर १७२ च्या स्ट्राइक रेटने खेळला. फरक असा की आयपीएलचा लिलाव हातोडा पडला की संपतो, आणि एनएफएलचा मार्चपासून डिसेंबरपर्यंत रेंगाळत राहतो.

आता कराराच्या आत काय असतं ते पाहू, कारण बातमीतला आकडा बहुतेक वेळा दिशाभूल करतो. 'एक वर्ष, ६० लाखांपर्यंत' यातला 'पर्यंत' महत्त्वाचा. अशा करारात मूळ पगार लहान असतो, त्यातला हमीचा भाग त्याहून लहान. मग असतो सामन्यागणिक बोनस: त्या रविवारी पोशाख चढवून संघात असलात तरच पैसे. दुखापतीचा इतिहास असलेल्या माणसासाठी संघ हे कलम हमखास घालतात. त्यावर कामगिरीचे बोनस, आणि इथे हिशेबाची खरी कारागिरी दिसते. आदल्या हंगामात जे साधलं होतं तेवढ्यासाठी बोनस ठेवला तर तो 'मिळण्याजोगा' धरून लगेच कॅपवर चढतो. आदल्या वर्षी जे जमलं नव्हतं त्यासाठी ठेवला तर तो 'अवघड' ठरतो आणि खरोखर कमावला गेलाच, तर पुढच्या वर्षाच्या कॅपमध्ये धरला जातो. थोडक्यात, ज्याचा मागचा हंगाम वाईट गेला त्याला मोठ्या रकमेचं आमिष दाखवणं कॅपच्या दृष्टीने फुकट असतं.

जेडेव्हियन क्लाउनी हे याचं देखणं उदाहरण. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला हा पास रशर, म्हणजे प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकवर धावून जाणारा खेळाडू. २०२२ मध्ये ब्राउन्सकडून १२ सामन्यांत त्याला अवघ्या दोन सॅक मिळाल्या. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधी लोळवलं की एक सॅक. पुढच्या ऑगस्टमध्ये रेव्हन्सने त्याला एका वर्षासाठी २५ लाखांवर घेतलं. बोनस धरून रक्कम ६० लाखांपर्यंत जाऊ शकत होती. दोनपेक्षा जास्त सॅकसाठीचं कुठलंही बक्षीस 'अवघड'च ठरणार होतं. क्लाउनीने साडेनऊ सॅक केल्या. त्याच वर्षी तीन आठवडे उलटून गेल्यावर रेव्हन्सने ३२ वर्षांच्या काइल व्हॅन नॉयला सराव पथकातून आत आणलं आणि त्याने ९ केल्या, त्याच्या तोवरच्या कारकिर्दीतल्या सर्वाधिक. दोन उरलेसुरले फ्री एजंट मिळून साडेअठरा. रेव्हन्सचा बचाव त्या हंगामात सॅक, चेंडू हिसकावणं आणि कमीत कमी गुण देणं या तिन्हींत लीगमध्ये पहिला आला.

पास रशर स्वस्तात का चालून जातो? कारण त्याला सगळा वेळ खेळवावं लागत नाही. पस्तिशीकडे झुकलेला माणूस सामन्यात पंचवीस-तीस डाव पूर्ण ताकदीने खेळू शकतो, आणि तेवढे पुरतात. सेफ्टी, मधल्या फळीतले गार्ड आणि सेंटर, राखीव क्वार्टरबॅक यांचंही तसंच. तिथे डोकं पायांपेक्षा जास्त चालतं. कॉर्नरबॅकला मात्र तेवीस वर्षांच्या रिसीव्हरमागे पळायचं असतं, तिथे अर्धा सेकंद गेला की टचडाउन, म्हणजे चेंडू थेट गोलरेषेपार. रनिंग बॅकवर तर मी पीटरसनचं उदाहरण दिल्यानंतरही पैसे लावणार नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क जेट्सने डॅल्विन कुकला सुमारे ७० लाख डॉलर देऊन एका वर्षासाठी घेतलं. त्याआधीच्या सलग चार हंगामांत तो हजार यार्डांच्या पुढे गेला होता. जेट्ससाठी त्याने काढले २१४ यार्ड, टचडाउन एकही नाही, आणि हंगाम संपायच्या आत त्याला मोकळं केलं गेलं.

एकदोघे सोडा, आख्खा संघच असा जमवून जिंकता येतो का? २००१ मध्ये एकाने ते करून दाखवलं. न्यू इंग्लंड पेट्रियट्सची आदल्या वर्षीची कामगिरी होती पाच विजय, अकरा पराभव. कॅपची अवस्था वाईट, त्यामुळे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी नामवंतांच्या मागे न लागता दुय्यम-तिय्यम खेळाडूंची ढीगभर खरेदी केली. बफेलोने सोडलेला रनिंग बॅक अँटोवेन स्मिथ आला आणि ११५७ यार्ड धावला. डेव्हिड पॅटन आला, बंदिस्त मैदानावरच्या अरीना फुटबॉलमधून वर आलेला रिसीव्हर. ३३ वर्षांचा लाइनबॅकर, म्हणजे मधल्या फळीतला बचावपटू, रोमन फायफर आला. पिट्सबर्गहून माइक व्रेबल आला, ज्याला तिथे चार वर्षांत एकाही सामन्यात सुरुवातीपासून उतरवलं नव्हतं. सेंट लुईस रॅम्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये हा संघ १४ गुणांनी हरेल असा सट्टेबाजांचा अंदाज होता. त्या सामन्यात व्रेबल क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरच्या अंगावर गेला, घाईत फेकलेला चेंडू टाय लॉने हवेत पकडला आणि थेट टचडाउनपर्यंत नेला. संघाचा एकमेव आक्रमक टचडाउन पॅटनचा. निकाल २०-१७. त्या हंगामात टॉम ब्रेडी उदयाला आला म्हणून सगळं श्रेय त्याच्या नावावर जमा होतं, पण तेव्हा तो दुसऱ्या वर्षातला पोरगा होता आणि त्याला सांभाळून घेणारी माणसं ही होती. व्रेबल आता त्याच पेट्रियट्सचा मुख्य प्रशिक्षक आहे.

खेळाडू अशा कराराला हो का म्हणतात, याची उत्तरं माणसागणिक वेगळी. हंगामातले तीन सामने पगारी यादीत काढले तरी पेन्शनच्या हिशेबात तो हंगाम धरला जातो. काहींना सुपर बोल विजेत्यांना मिळणारी अंगठी हवी असते: एरिक वेडल दोन वर्षं निवृत्त राहून जानेवारी २०२२ मध्ये प्लेऑफच्या तोंडावर रॅम्सकडे परतला आणि महिन्याभरात सुपर बोल जिंकून पुन्हा घरी गेला. काहींचा डाव पुढच्या करारावर असतो. बेकर मेफील्ड २०२२ मध्ये एकाच वर्षात तीन संघ फिरला, मग टँपा बेकडे एका वर्षासाठी ४० लाख डॉलरवर गेला, ४०४४ यार्ड फेकले, विभागाचं विजेतेपद मिळवून दिलं आणि मार्च २०२४ मध्ये त्याच संघाकडून तीन वर्षांसाठी १० कोटी घेतले. तेव्हा तो २८ वर्षांचा होता आणि क्वार्टरबॅक होता, हे विसरून चालणार नाही. साडेनऊ सॅक करून क्लाउनीला पुढच्या वर्षी कॅरोलायनाकडून दोन वर्षांचा करार मिळाला. कुक पुढच्या ऑगस्टमध्ये डॅलसच्या सराव पथकात दाखल झाला.